डुलत्या टेबलावरचे जलरंग

जहाजावर चित्रकला शिकवायला जातेय म्हटल्यावर प्रत्येकाने पहिला प्रश्न हाच विचारला – पगार किती? पगार शून्य. व्यवहार असा असतो, की दोन माणसांची केबिन आणि जेवणखाण जहाजाचं. त्या बदल्यात ज्या दिवशी जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही त्या दिवशी, म्हणजे ‘सी-डे’ला, प्रवाशांसाठी वर्ग घ्यायचे. नेमणूक बहुतेक वेळा एजन्सीमार्फत होते, एजन्सी दर रात्रीमागे आपलं शुल्क घेते आणि विमानाचं तिकीट आपलं आपण काढायचं. रंग-कागद कोणी आणायचे हे कंपनीगणिक बदलतं. माझ्या वाट्याला ते मीच आणायचे, हे आलं.

केबिनमधल्या दुसऱ्या जागेवर ताई आली. ताई बँकेतून निवृत्त. ब्रश तिने शाळा सुटल्यापासून हातात धरलेला नाही. पण मोजदाद तिच्या हाडात आहे. निघायच्या आधी तिने एक छोटी वही केली होती आणि त्यात पहिल्या पानावर लिहिलं होतं : ब्रश २४, रंगाच्या डब्या २४, पाण्याचे कप ३०, टेपची रिळं ४.

मार्ग अलास्काचा. व्हँकूवरहून निघायचं, इनसाइड पॅसेज या बेटांआडच्या समुद्री वाटेने वर जायचं, जुनो, स्कॅग्वे, ग्लेशियर बे, केचिकन करून परत व्हँकूवर. सात रात्री, जूनचा पहिला पंधरवडा. अलास्का अमेरिकेत आणि जहाज सुटतं कॅनडातून, हे मला आधी विचित्र वाटलं होतं. त्यामागे अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे : परदेशी झेंड्याच्या जहाजाला एका अमेरिकी बंदरात प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवता येत नाही. म्हणून भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसे दोन लागतात, आणि कॅनडात परत उतरायचंय हे धरून कागदपत्रं आधी तपासून घ्यावीत.

दिवस पहिला : व्हँकूवर

सामानाच्या तपासणीत माझी बॅग बाजूला काढली. कागद कापायचा कटर गेला, तो शेवटच्या दिवशी परत मिळाला. टर्पेंटाइनसारखं काही जहाजावर चालणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून तैलरंगाचा विचारच केला नव्हता. जलरंग आणि पाणी, बस. कागद मात्र घरूनच कापून न्यायला हवे होते. ते आठवडाभर पट्टी लावून फाडले, आणि खरं सांगायचं तर फाडलेल्या कडा जास्त छान दिसल्या.

मनोरंजन विभागाची मॅनेजर पंचविशीतली, सतत चालत बोलणारी मुलगी होती. तिने मला वर्गाची जागा दाखवली – पत्ते खेळायची खोली, मऊ फिकट गालिचा अंथरलेली. “वीस जण येतील, फार तर पंचवीस,” ती म्हणाली, आणि गालिच्याकडे बघून पुढे म्हणाली, “प्लॅस्टिक अंथरणार ना?” मी प्लॅस्टिक आणलं नव्हतं. संध्याकाळी स्वयंपाकघरातून कचऱ्याच्या मोठ्या पिशव्यांचं एक रीळ आलं. त्या पिशव्या कापून ताईने सगळी टेबलं आणि अर्धी जमीन झाकली.

जहाज लायन्स गेट पुलाखालून निघालं तेव्हा चिमणी पुलाला घासेल असंच वाटलं आणि सगळा डेक एका सुरात “ओऽऽ” झाला. रात्री आम्ही दोघी सिमोर नॅरोज बघायला जाग्या राहिलो. ही एक अरुंद सामुद्रधुनी. भरती-ओहोटीचं पाणी इथून १५ नॉटपर्यंतच्या, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटरच्या, वेगाने धावतं, म्हणून मोठी जहाजं पाणी क्षणभर थबकतं तेवढी वेळ साधून पार होतात. पूर्वी मधोमध पाण्याखाली रिपल रॉक नावाचा दुहेरी सुळका होता. त्याने इतकी जहाजं बुडवली, की शेवटी शेजारच्या बेटावरून समुद्राच्या तळाखालून बोगदा खणून, त्या सुळक्याच्या पोटात हजार टनांहून जास्त स्फोटकं भरून ५ एप्रिल १९५८ ला तो उडवला. आम्ही पार झालो तेव्हा अंधारात काळं, तेलकट, गुळगुळीत पाणी होतं आणि त्यावर मोठमोठे भोवरे हळू फिरत होते. ताई म्हणाली, “एवढंच?” मला मात्र ते भोवरे उद्याच्या वर्गात शिकवता येतील असं वाटत होतं. तो भ्रम होता.

दिवस दुसरा : समुद्रात

दुपारी दोनला वर्ग. पावणेदोनला ताईने दारातून सांगितलं, “एक्केचाळीस.” दोन वाजता : “सत्तेचाळीस, आणि दोघी दरवाज्यात उभ्या आहेत.” साहित्य चोवीसचं.

कागद अर्धे फाडले. एका डबीवर दोघं बसवले. जहाजावर सोय न सांगताच होते : जे जोडीने आले होते त्यांनी वाटून घेतलं, आणि जे एकटे आले होते त्यांची जोडी लागली.

मी ठरवलेला पहिला धडा होता सपाट वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा एकसारखा थर. कागद थोडा तिरका धरायचा, ब्रश रंगाने भरून डावीकडून उजवीकडे ओढायचा, खाली जमलेला रंगाचा मणी पुढच्या ओळीने उचलायचा. जमिनीवर हा धडा वीस मिनिटांत होतो. पण आम्ही तोवर क्वीन शार्लट साउंडमध्ये शिरलो होतो. इनसाइड पॅसेज म्हणजे बेटांच्या आडोशाने जाणारी शांत वाट. मात्र व्हँकूवर बेट संपल्यावर आणि पुढच्या बेटांची रांग सुरू होण्याआधी काही तास उघड्या पॅसिफिकची लाट थेट आत येते. जहाज डोलत नव्हतं, हळू श्वास घेतल्यासारखं एका कुशीवर जायचं आणि परत यायचं. तेवढं पुरे होतं. सत्तेचाळीस मणी डावीकडे गेले, थांबले, उजवीकडे गेले. अर्धवट वाळलेल्या रंगात ओला रंग परत शिरला आणि प्रत्येकाच्या आकाशात फुलकोबीच्या गड्ड्यासारख्या कडा उमटल्या. शिकवताना मी ज्याला दोष म्हणते, तो एकाच वेळी सत्तेचाळीस कागदांवर.

त्यात मला मळमळायला लागलं. शिक्षिकेलाच. खाली जवळच्या कागदाकडे बघत डोलत राहिलं की तसं होतंच : डोळे सांगतात सगळं स्थिर आहे, कान सांगतात नाही. मी खिडकीशी गेले, क्षितिजाकडे बघत उभी राहिले आणि पाठमोरी बोलायला लागले. “ब्रश खाली ठेवा. कागदाला हात लावू नका. जहाजाला करू द्या.” हे शिकवणं नव्हतं, मला वेळ हवा होता. पण दहा मिनिटांनी वळून बघितलं तर टेबलांवर खरोखरच समुद्र होते. अल्ट्रामरीन या गडद निळ्या रंगाचे कण एकमेकांना चिकटून गोळा होतात, ते कागदाच्या खळग्यांत बसतात. या डुलण्याने त्यांना एवढा वेळ मिळाला होता, की दाणेदार, लाटांच्या ओळी असलेलं पाणी आपोआप तयार झालं होतं. मी मुद्दाम काढलं असतं तर इतकं चांगलं जमलं नसतं.

वर्गाच्या शेवटी मी एक गोष्ट सांगितली. आमच्या उजव्या हाताला किनारा होता. मागे राहिलेल्या व्हँकूवर बेटाच्या पलीकडच्या बाजूला नूटका साउंड आहे. १७७८ साली कॅप्टन कुकचं जहाज तिथे थांबलं होतं आणि त्यावर जॉन वेबर नावाचा चित्रकार होता, जहाजावरचा पगारी चित्रकार, माझ्याहून बरा सौदा. तो तिथल्या मूळ रहिवाशांच्या एका घरात शिरून आतल्या लाकडी कोरीव मूर्ती काढायला लागला. घरातला एक माणूस आला आणि त्याने मूर्तींसमोर चटई धरली. वेबरने कोटाचं एक पितळी बटण काढून दिलं. चटई बाजूला झाली. थोड्या वेळाने परत आली. परत बटण. असं करत कोटाला एकही बटण उरलं नाही, तेव्हा कुठे त्याला निवांत चित्र काढू दिलं. वर्ग खूप हसला. मीही हसले.

सगळे गेल्यावर एक आजोबा मागे राहिले. ऐंशीच्या आसपासचे, खिशाला चष्म्याची डबी. त्यांनी समुद्र काढलाच नव्हता. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून फक्त राखाडी चौकोन केले होते, सोळा, आणि प्रत्येक वेगळा. “खिडकीत जो दिसतोय तो कुठला?” त्यांनी विचारलं. आम्ही दोघांनी कागद खिडकीशी धरला. अकरावा होता.

जाणाऱ्यांसाठी : वर्गाची खोली जहाजाच्या मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर मागून घ्या, तिथे हलणं सर्वांत कमी. टोकाची, वरची, भरपूर खिडक्यांची खोली बघायला सुंदर असते, तिचा मोह सोडा. पाण्याचे कप बुटके आणि रुंद बुडाचे हवेत. मळमळीवर हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटं मागा, जहाजावर कोणी त्याचं नवल करत नाही.

त्या रात्री अलास्काच्या वेळेप्रमाणे घड्याळं एक तास मागे घेतली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

दिवस तिसरा : जुनो

जुनो अलास्काची राजधानी आणि तिथे रस्त्याने जाताच येत नाही. मागे डोंगर आणि बर्फ, पुढे पाणी. विमान किंवा बोट. बारीक पाऊस पडत होता. आम्ही मेंडेनहॉल हिमनदी बघायला गेलो.

हिमनदी दूर, तलावाच्या पलीकडे. माझं लक्ष मात्र तलावाने धरून ठेवलं. त्याचं पाणी दुधात चिमूटभर हिरवा कालवल्यासारखं. हिमनदी सरकताना खालचा खडक दळत जाते. ते पीठ इतकं बारीक असतं की तळाशी लवकर बसत नाही, पाण्यात तरंगत राहतं. इंग्रजीत त्याला खडकाचं पीठच म्हणतात. मी काठावर बसून एक कप पाणी घेतलं आणि त्याच पाण्याने रंगवायला लागले. पावसाचे थेंबही चित्रात पडत होते, त्यांना अडवणं सोडून दिलं. तासाभराने बसमध्ये पान वाळलं तेव्हा तलावाच्या जागेवर बोट फिरवलं. बोटाला राखाडी, टाल्कम पावडरीसारखी धूळ लागली. ताईने वास घेतला. “मातीचा वाससुद्धा नाही गं.”

नगेट फॉल्स या धबधब्यापर्यंतची पायवाट सोपी आहे, आम्ही केली. वाटेवर साळिंदर झाडावर चढलेलं दिसलं. ते ज्या कंटाळ्याने आमच्याकडे बघत होतं तो कंटाळा मला कागदावर आणता आला नाही.

दिवस चौथा : स्कॅग्वे

१८९७-९८ च्या सोन्याच्या धावपळीत हे गाव उभं राहिलं. सोन्यासाठी कॅनडातल्या क्लोंडाइकला जाणाऱ्याने वर्षभराची शिधासामग्री, जवळजवळ टनभर ओझं, सोबत आणल्याशिवाय कॅनडाचे पोलीस हद्दीत घेत नसत. माणसं तेच ओझं थोडं थोडं करत तीस-चाळीस खेपांत डोंगरावर वाहून न्यायची. व्हाइट पास या खिंडीच्या वाटेवर सुमारे तीन हजार ओझ्याची जनावरं मेली. मग १८९८ मध्ये सुरू होऊन १९०० मध्ये तीन फुटी अरुंद रूळमार्ग पुरा झाला, तोवर सोन्याची लाट ओसरत आली होती. त्याच गाडीने आता पर्यटक वर जातात. आम्हीही गेलो, धुक्यात गेलो, फारसं काही दिसलं नाही. डाव्या बाजूला बसा असं सगळे सांगतात. धुकं असलं की दोन्ही बाजू सारख्याच.

पण गोदीवर उतरताच समोरच्या उभ्या कड्याने मला थांबवलं. कड्यावर जहाजांची नावं, कप्तानांची नावं, सालं, बोधचिन्हं रंगवलेली. वर्षानुवर्षं येणाऱ्या जहाजांच्या खलाशांनी दोरावर लटकून ती रंगवलीत. काही अक्षरं इतकी नेमकी की त्यांच्यात पाटी रंगवणाऱ्याचा सराव दिसतो. काही लटपटलेली. त्या लटपटण्यात दोर हलल्याचं कळतं.

आमच्या केबिनची साफसफाई बघणारा तरुण फिलिपिन्सचा होता. रोज रात्री पलंगावर तो टॉवेलचा एक प्राणी करून ठेवायचा – हत्ती, माकड, कधी ताईचा चष्मा लावलेला बेडूक. मी त्याला विचारलं, वर्गाला येशील का? तो हसला. कर्मचाऱ्यांना प्रवाशांच्या वर्गात बसता येत नाही. “आणि मला चित्र येत नाही, मॅडम,” असं म्हणता म्हणता त्याने टॉवेलची दोन टोकं एकमेकांकडे गुंडाळत आणली, मध्ये दुमडलं, ओढलं. आठ सेकंदांत हत्तीचे चार पाय उभे. कागदावर पेन्सिलीने तोल साधायला माझ्या वर्गातली मुलं वर्ष घेतात.

दिवस पाचवा : ग्लेशियर बे

या दिवशी वर्ग नव्हता. पहाटे राष्ट्रीय उद्यानाची छोटी बोट जहाजाला लागली आणि रेंजर शिडीवरून वर आले. दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं आत सोडतात, त्यामुळे पाण्यावर गर्दी अशी नाही. मनोरंजन विभागाने मला बजावलं होतं : बाहेरच्या डेकवर सुटे कागद नकोत, एक रुमालसुद्धा उडून पाण्यात जाता कामा नये. ब्रश धुतलेलं पाणीही नाही. मी वह्यांना चार-चार चिमटे लावायला सांगितले. ताईने प्रत्येकाच्या पाण्याच्या कपाला झाकण आहे का ते फिरून बघितलं. तिच्यासमोर कोणाची टाप नव्हती.

सकाळी रेंजर बाईंनी नकाशा उलगडून जे सांगितलं ते मला चित्र म्हणूनच दिसलं. १७९४ मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकूवरच्या मोहिमेतले लोक इथे आले तेव्हा खाडी नव्हतीच. बर्फाच्या भिंतीला नुसता खळगा होता. १९१६ पर्यंत तीच भिंत सुमारे शंभर किलोमीटर मागे गेली. म्हणजे आम्ही ज्या पाण्यावरून तासन्‌तास चाललो होतो ते सव्वादोनशे वर्षांपूर्वी बर्फाखाली होतं. आणि त्याच्याही आधी इथे गावं होती. ट्लिंगिट या इथल्या मूळ रहिवाशांची. अठराव्या शतकात बर्फ पुढे सरकत आला आणि त्यांना निघावं लागलं. २०१६ मध्ये खाडीच्या तोंडाशी, बार्टलेट कोव्हमध्ये त्यांचं सामाईक घर पुन्हा उभं राहिलं.

खाडीच्या तोंडाशी किनारे गर्द : स्प्रूस, हेमलॉक. जसं आत जावं तशी झाडं बुटकी होत गेली, मग झुडपं, मग नुसतं शेवाळ, मग उघडा खडक. बर्फ जिथून अलीकडे सरला तिथे झाडांना वेळच मिळालेला नाही. डेकवर उभं राहून रंगपेटीतला हिरवा एकेक तासाने कमी करत जावा, तसं. आजोबा माझ्या शेजारी उभे होते. दर तासाला एक चौकोन रंगवत होते.

मार्जरी हिमनदी आली तेव्हा अकरा वाजून गेले होते. सुमारे मैलभर रुंद, पाण्यावर अडीचशे फूट उंच, मागे डोंगरांत पार एकवीस मैल पसरलेली. शेजारीच ग्रँड पॅसिफिक – दगडधोंड्यांनी इतकी झाकलेली की ती हिमनदी आहे हे सांगावं लागतं. हवा पाच-सहा अंशांवर आणि वर वारा. वॉश वाळेना. बोटं वळेनात. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांनी जे केलं तेच मीही केलं : पॅलेटमधला सर्वांत निळा निळा घेतला आणि भिंत निळी रंगवायला लागले. चूक. बर्फ तिथे निळा नव्हता. बर्फ पांढरा, मळका, करडा, काही जागी शाईसारखा काळपट होता. निळा फक्त फटींमध्ये होता. दाबून दाबून आतली हवा गेलेला घट्ट बर्फ तांबडा प्रकाश गिळतो आणि निळा तेवढा परत फेकतो. तोही खोल चिरेत, ताज्या तुटलेल्या जागी. बाकी सगळं कागदाचं पांढरं. म्हणजे रंगवायचंच नाही.

मी पान उलटलं. प्रशियन ब्ल्यू या गडद निळ्याच्या सहा-सात बारीक चिरा, खाली पाण्याची एक करडी पट्टी. एवढ्यात बंदुकीचा बार झाल्यासारखा आवाज झाला. त्याआधीच उजवीकडचा एक कोपरा हळूच खाली बसताना मी बघितला होता. आधी दिसतं, मग ऐकू येतं. ट्लिंगिट लोक याला पांढरा गडगडाट म्हणतात, असं रेंजर लाउडस्पीकरवर सांगत होत्या. पडलेल्या जागी ताजा, न माखलेला निळा उघडा झाला. रंगाच्या दुकानात तो बाटलीत मिळणार नाही इतका तीव्र.

सगळे ब्रश थांबले. मग तासभर कोणीही काही काढलं नाही. कप्तानाने जहाज जागच्या जागी हळूहळू फिरवलं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसावं. माझ्या विद्यार्थ्यांपैकी दोघी बहिणी, ज्या पहिल्या दिवसापासून एकमेकींच्या कागदाकडे बघून “तुझं माझ्यापेक्षा बरंय” असं तोंड वाकडं करून म्हणत होत्या, त्या एकाच दुर्बिणीवर भांडत होत्या.

जाणाऱ्यांसाठी : बोटं उघडी राहतील असे हातमोजे आणि पाणी भरायचा ब्रश न्या. पेन्सिल पुरते, रंग केबिनमध्ये भरा. फोटो कमी काढा. माझ्या वहीत चार पानं झाली, फोनमध्ये दोनशे सत्तर फोटो, आणि तो निळा एकाही फोटोत नाही.

दिवस सहावा : केचिकन

केचिकनला वर्षाला साडेतीन मीटरहून जास्त पाऊस पडतो. आमच्या वाट्याचा त्याने सकाळीच द्यायला सुरुवात केली. गावातली क्रीक स्ट्रीट ओढ्यावर लाकडी खांबांवर उभी आहे. पायांखालच्या फळ्यांमधून धावणारं पाणी दिसतं.

सातव्या दिवसासाठी माझा धडा तयार होता : टोटेम खांब, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचे कोरीव लाकडी खांब. काळी जाड रेघ, तांबडा, निळसर हिरवा. अंडाकृती डोळे, इंग्रजी यू अक्षरासारखे आकार. वर्गाला आवडणार, तासाभरात पुरा होणार, घरी फ्रेम करण्याजोगा. टोटेम हेरिटेज सेंटरमध्ये मी त्यासाठी नमुने उतरवायला गेले होते. तिथे एकोणिसाव्या शतकातले खांब आहेत, ओस पडलेल्या ट्लिंगिट आणि हैडा गावांतून आणून जपलेले. तांबड्या सीडरचे. रंग बहुतेक उडालेला, लाकूड चिरलेलं, आणि तरी नाकपुडीची एक कोरलेली वळणरेघ अशी की माझी पेन्सिल वहीवर टेकायला धजावेना.

तिथल्या बाईंनी विचारलं, काय करता. मी अभिमानाने उद्याचा धडा सांगितला. त्या शांतपणे म्हणाल्या, या खांबांची पूजा करत नाहीत, ही कुळांची चिन्हं आणि कुळांच्या कथा आहेत. त्या कथा आणि ती चिन्हं त्या त्या कुळाच्या मालकीची असतात. कावळा दिसला आणि काढला, असं होत नाही. कोणाचा कावळा, हे आधी विचारायचं. त्यात ओरडा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

परत येताना ताई म्हणाली, “म्हणजे तो चटईवाला बरोबर होता.” मी चमकले. चार दिवसांपूर्वी मी ती गोष्ट गंमत म्हणून सांगितली होती. सत्तेचाळीस माणसांना हसवलं होतं. बटणं त्याने लुटली नव्हती, भाव सांगितला होता. वेबरने तो दिला तरी.

रात्री धडा फाडून टाकला. त्या जागी दुसरा तयार करायला साडेअकरा वाजले. घड्याळं परत एक तास पुढे करायची होती. ताईने केलं असेल असं मला वाटलं, मी केलं असेल असं ताईला.

दिवस सातवा : परत समुद्रात

वर्ग दहाला. मी निवांत नाश्ता करत होते, फोनमध्ये नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. विमान-मोडवर ठेवलेला फोन अजून अलास्कातच होता. मनोरंजन विभागाची मुलगी समोर येऊन उभी राहिली, पहिल्यांदाच न चालता. “सगळे आलेत. तुम्ही?”

मी धावले. खोलीत कचऱ्याच्या पिशव्या अंथरलेल्या, कप भरलेले, कागद वाटलेले. पहिल्या वर्गात दरवाज्यात उभ्या राहिलेल्या दोघींनी पाणी भरून ठेवलं होतं. आणि पुढच्या टेबलाशी आजोबा उभे राहून अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना कसा थेंबाथेंबाने घालायचा ते दाखवत होते. ते चांगलं शिकवत होते. मी मागे उभी राहून पाच मिनिटं ऐकलं, मग पुढे गेले.

धडा हिमनदीचा होता. नियम एकच : कागदाचा दोनतृतीयांश भाग कोरा राहिला पाहिजे. पहिल्या दिवशी असं सांगितलं असतं तर कोणी ऐकलं नसतं. नवशिक्याला कोरा कागद म्हणजे अपुरं काम वाटतं, तो भरून टाकल्याशिवाय हात थांबत नाही. पण या सगळ्यांनी ती भिंत बघितली होती. दोन बहिणींपैकी थोरलीने चार चिरा ओढल्या आणि ब्रश खाली ठेवला. धाकटीने तिच्या कागदाकडे बघितलं, काही म्हणाली नाही, आणि आपल्या कागदावर पाचवी चीर ओढायला उचललेला हात मागे घेतला. टोटेमबद्दल दोघा-तिघांनी विचारलं. केचिकनमधलं जसं झालं तसं सांगितलं, माझ्या लाजेसकट.

दुपारी दोनला मोठ्या हॉलमध्ये टॉवेलच्या प्राण्यांचं प्रात्यक्षिक होतं, आमचाच तरुण दाखवणार होता. ताईने मोजलं : दोनशे दहा, उभे धरून. तो मायक्रोफोनवर लाजत होता, पण हात लाजत नव्हते. हत्तीच्या कानाशी मी तिसऱ्यांदा अडले, तेव्हा तो खाली उतरला, माझा अंगठा धरून टॉवेलच्या घडीत सरकवला आणि म्हणाला, “इथे ओढायचं नाही, मॅडम. सोडायचं.” कान पडला तसा उभा राहिला.

रात्री नऊनंतरही उजेड होता. डेकवर आजोबा भेटले. त्यांच्याकडे कागदाची लांब पट्टी होती, राखाडी चौकोनांची, प्रत्येकाखाली दिवस आणि वेळ. पाचव्या दिवसाच्या अकराच्या पुढचा चौकोन कोरा होता. मी काही विचारलं नाही. त्यांनी पट्टी घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली.

दिवस आठवा : व्हँकूवर

उतरायची सकाळ सगळ्या जहाजांवर सारखीच असते : बॅगा, रांगा, गार कॉफी. कटर परत मिळाला. रंगाच्या डब्यांत अल्ट्रामरीनच्या वड्या संपून पत्रा दिसत होता, तांबडा तसाच्या तसा. पुढच्या वेळी अल्ट्रामरीन दुप्पट न्यायचा, तांबडा नाही नेला तरी चालेल. आणि मनगटावरचं साधं घड्याळ.

गँगवेजवळच्या बाकावर ताई वही उघडून मोजत बसली. कप अठ्ठावीस, दोन फुटले. डब्या चोवीस. ब्रश तेवीस. तिने परत मोजले. मी समोरच्या रांगेकडे बघत होते. आजोबा हळूहळू पुढे सरकत होते, एका हातात काठी, आणि शर्टाच्या खिशात चष्म्याच्या डबीशेजारी आमच्या आठ नंबरच्या ब्रशचं निळं टोक वर आलेलं.

ताईलाही दिसलं. “हाक मारू का गं?”

“नको.”

तिने वहीतल्या चोवीसवर काट मारली आणि शेजारी तेवीस लिहिलं.